प्राग : दोन दिवस गेले, आम्ही अजून एका घड्याळाखालीच उभे

सुपारी (मंगळवार, रात्री ११.१०)

मंडळी, प्रागमधूनच लिहितेय. बाबा घोरतायत आणि मी बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून टंकतेय, कारण चार्जरची वायर तिथवरच पोचते. मदत हवी आहे आणि लवकर हवी आहे. शुक्रवारी दुपारी परतीचं विमान आहे.

आधी बाबांबद्दल. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली. आई गेल्यापासून कुठेही चला म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तू जाऊन ये." या वेळी मी प्रागचं नाव काढलं आणि त्यांनी स्वतः कपाटातून पासपोर्ट आणून टेबलावर ठेवला. का, ते मला विमानात कळलं. त्यांच्या खिशात एका मासिकातलं पिवळं पडलेलं कात्रण होतं. ऑरलॉयचं, म्हणजे इथल्या जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरच्या त्या प्रसिद्ध खगोलघड्याळाचं.

माझ्याकडे बावीस ठिकाणांची यादी होती. दिवसवार, रंग वगैरे भरून.

सोमवारी दुपारी उतरलो. विमानतळावरून ५९ नंबरची ट्रॉलीबस, मग हिरवी मेट्रो. तिकीट नुसतं काढून चालत नाही, पिवळ्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवावा लागतो, हे शेजारच्या बाईंनी खुणेने सांगितलं म्हणून वाचलो. तिथे वाचलो आणि दुसरीकडे फसलो. चौकाच्या वाटेवर एका खिडकीत शंभर युरो मोडले. युरोला चोवीस-पंचवीस कोरुना मिळायला हवे होते, हातात आले सतराच्या हिशेबाने. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला भाव मोठ्या रकमेसाठी होता म्हणे. बाबा एवढंच म्हणाले, "गिऱ्हाईक घाईत असलं की असंच होतं."

मग चौक. चार वाजता खाली तीनशे माणसं मोबाईल वर धरून उभी. सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांतून ख्रिस्ताच्या बारा प्रेषितांच्या बाहुल्या फिरून जातात, कोंबडा आरवतो, तास पडतात. मिनिटभरात खेळ खलास. गर्दी पांगली. मीही पाठ फिरवली. बाबा हलले नाहीत. त्यांचा खेळ तेव्हा सुरू झाला. बाहुल्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. ते खालच्या मोठ्या तबकडीकडे बघत होते, ते सातपर्यंत. थंडी दोन अंश. मी दोनदा कॉफी आणली, एकदा रागावून एकटीच चक्कर मारून आले, परत येते तर ते त्याच दगडावर.

आज सकाळी पुन्हा तेच. फक्त दुपारी एक भर पडली. चौकात एका उंच खांबावर मेरीचा पुतळा आहे आणि त्याच्याजवळ फरसबंदीत पितळेची पट्टी बसवली आहे. जुन्या काळी खांबाची सावली या पट्टीवर आली की प्रागमध्ये दुपारचे बारा, असं कळलं. ऊन छान होतं. बाबा बाराला पाच कमी असताना जाऊन उभे राहिले. बारा वाजले, घड्याळाने टोले दिले, आणि सावली पट्टीपासून चांगली हातभर पश्चिमेला! दोन मिनिटं थांबून बाबांनी निकाल दिला, "पट्टी चुकीची बसवलीय." आणि तेव्हापासून ते अस्वस्थ आहेत. जेवतानासुद्धा तोच विषय.

तर प्रश्न असे. ऑरलॉयच्या तबकडीवर सगळ्यात बाहेर जे काळं वर्तुळ आहे, जुन्या वळणाच्या सोनेरी आकड्यांचं, ते काय दाखवतं? काल संध्याकाळी सात वाजता काट्याच्या टोकाचा सोन्याचा हात त्यावर एकच्या थोडा पुढे होता. बाबा म्हणतात बिघाड नाही, काहीतरी हिशेब आहे. पण हिशेब लागत नाही, आणि त्यांना फोनवर शोधून सांगितलेलं चालत नाही, "जाणत्या माणसाला विचार" म्हणतात. पट्टीचं काय? आणि माझा खरा प्रश्न : उरलेल्या अडीच दिवसांत त्यांना ओढून किल्ला, चार्ल्स पूल वगैरे दाखवू की राहू देऊ?

ता. क. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ अजून घरच्याच वेळेवर आहे, साडेचार तास पुढे. "इथली वेळ नक्की कोणती ते कळलं की लावीन," म्हणाले.

---

आबा_भटके (मंगळवार, रात्री ११.४२)

प्राग दीड दिवसात होतं. आम्ही तर एका दिवसात उरकून दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिएन्नाची गाडी पकडली होती.

किल्ल्यावर पायऱ्यांनी चढवू नका वडिलांना. २२ नंबरची ट्राम पकडा, किल्ल्याच्याच नावाच्या थांब्यावर उतरा, तिथून जवळजवळ सपाट चालणं आहे. दुपारी बाराला पहारा बदलतो, बँड वाजतो. तो बघून सेंट व्हिटस कॅथेड्रल, मग उतारावरून खाली, पूल, झालं. घड्याळ काय, सगळी घड्याळं सारखीच.

---

वल्तवाकाठी (बुधवार, पहाटे ५.५०)

सुपारी, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. नऊ वर्षं या गावात राहिले, रोज त्या चौकातून कामाला जात होते, आणि पहिली तीन वर्षं मला ते घड्याळ वाचता येत नव्हतं. मग एका हिवाळ्यात हट्टाने शिकले. सविस्तर लिहिते, बाबांना वाचून दाखव.

सोन्याचा हात असलेला काटा दिवसात एकच फेरा मारतो, चोवीस तासांचा. म्हणून रोमन आकडे बारा-बारा असे दोनदा आहेत, वरचे बारा दुपारचे, खालचे मध्यरात्रीचे. ही आपली नेहमीची वेळ. बाहेरच्या काळ्या वर्तुळावर १ ते २४ आकडे आहेत, ती जुनी चेक वेळ. तिच्यात दिवस सूर्यास्ताला संपतो. सूर्य मावळला की चोवीस वाजले, तिथून पुन्हा एक, दोन. सध्या इथे पावणेसहाच्या सुमाराला सूर्यास्त होतो. म्हणजे सातला मावळून सव्वा तास झालेला. एकच्या थोडं पुढे, बरोबर आहे ना? सूर्यास्त रोज सरकतो म्हणून ते अख्खं वर्तुळही वर्षभर मागेपुढे फिरत राहतं. आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, यांचा सूर्यास्ताला, एवढाच फरक.

आता खरी गंमत. निळ्या भागावर सोनेरी वक्र रेषा आहेत आणि त्यांच्याशी काळे १ ते १२ आकडे. ते बघितले का बाबांनी? सूर्योदय ते सूर्यास्त, मग दिवस लहान असो की मोठा, त्याचे बाराच भाग. त्यामुळे डिसेंबरात इथला असा एक 'तास' चाळीस मिनिटांचा आणि जूनमध्ये ऐंशीच्या वर. चमत्कारिक वाटतं, पण राहुकाळ आपण असाच काढतो की! दिनमानाचे आठ भाग, आणि दिवस ताणला की राहुकाळही ताणतो. एकच काटा तीन वेगवेगळ्या वेळा दाखवतो. चौथीही आहे, काट्यांसोबत जो छोटा तारा फिरतो त्याची, नाक्षत्र वेळ, म्हणजे ताऱ्यांवरून मोजलेली.

बाबा घड्याळजी आहेत म्हणून दात्यांचा हिशेब देते, हा इतर कोणाला सांगून उपयोग नसतो. आत एकाच आसावर तीन मोठी चक्रं आहेत आणि तिघांना फिरवणारी पिनियनं (छोटी दातेरी चक्रं) सारखीच, चोवीस दात्यांची. राशिचक्राच्या चक्राला ३६५ दाते, सूर्याच्या चक्राला ३६६, चंद्राच्या चक्राला ३७९. म्हणजे सूर्याचे ३६५ फेरे होतात तेवढ्यात राशिचक्राचे ३६६. वर्षाचा एक जादा फेरा, एका दात्यात बसवलेला. आणि चंद्र रोज थोडा मागे पडत जातो, जसा आकाशात पडतो. हे १४१० सालचं डोकं आहे. कादान्य गावचा मिकुलाश हा घड्याळजी आणि यान शिंदेल हा विद्यापीठातला ज्योतिर्विद, या दोघांचं. मार्गदर्शक तुम्हाला हानुश नावाच्या कारागिराची गोष्ट सांगतील, की असं दुसरं घड्याळ कुठे होऊ नये म्हणून नगरपालांनी त्याचे डोळे फोडले आणि त्याने मग चाचपडत येऊन यंत्र बंद पाडलं. गोष्ट छान आहे, खोटी आहे. शे-दोनशे नव्हे, काही शतकं श्रेय त्याला मिळत राहिलं आणि जुन्या कागदांवरून खरे कर्ते विसाव्या शतकात कळले.

आणि पट्टी! पट्टी चुकीची नाही, बाबाही चुकीचे नाहीत. चूक आहे ती 'बारा' या शब्दाची. आपली घड्याळं मध्य युरोपीय वेळ दाखवतात, ती १५ अंश पूर्व रेखांशाची. प्राग त्याच्या किंचित पश्चिमेला, त्यामुळे सूर्य इथे दोन मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. वर पृथ्वीची कक्षा लंबगोल, आस कललेला, म्हणून सूर्य स्वतःच वर्षभर घड्याळाच्या पुढेमागे होत असतो. फेब्रुवारीच्या मध्यात चौदा मिनिटं मागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सोळा मिनिटं पुढे. सध्या तो बारा मिनिटं मागे आहे. बारा आणि दोन, चौदा. बारा वाजून चौदा मिनिटांनी जाऊन उभे राहा.

कक्षा लंबगोल आहे हे ज्याने सिद्ध केलं तो केप्लर तेव्हा याच गावात राहत होता, १६०० ते १६१२. ज्याच्या निरीक्षणांवरून त्याने ते काढलं तो टायको ब्राहे त्याच चौकातल्या तीन नावाच्या चर्चमध्ये पुरला आहे (तीन हे नाव आहे, आकडा नव्हे). लाल संगमरवरी शिळेवर चिलखत घातलेला मिशीवाला दिसला की तोच.

आणि तो खांब मूळचा नाही हेही सांग. १६५० साली उभारला, १९१८ साली जमावाने दोर बांधून पाडला, २०२० साली नवा उभा राहिला. मधली शंभर वर्षं सावलीच नव्हती. मी राहायला गेले तेव्हाही खांब नव्हता, मी ती पट्टी रोज तुडवून जात होते.

---

खडूस_मावशी (बुधवार, सकाळी ८.१५)

वल्तवाकाठी यांचा प्रतिसाद वाचून वाचनखूण साठवली. पण मला सुपारीशीच बोलायचंय.

अगं बाई, तूही पैसे भरलेस ना? सुट्टी तुझीही आहे ना? मग दोन दगडांवर दोघं थिजून उभी कशाला राहताय. बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत, चौथीतले नाहीत. हॉटेलचं कार्ड त्यांच्या खिशात घाल, भेटायची जागा आणि वेळ ठरव आणि तू पूल बघून ये. पूल बघायचाच असेल तर सकाळी सातच्या आत, नंतर तिथे पुतळ्यांपेक्षा माणसं जास्त. मी यजमानांना असंच एका शस्त्रांच्या संग्रहालयात सोडून दिवसभर एकटी भटकले होते, पलीकडच्या देशात. दोघंही खुशीत. संध्याकाळी बोलायला विषय होते.

पैसे बदलताना फसलीस त्याबद्दल. इथे २०१९ पासून कायदा आहे, हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, पावती दाखवून. तुझी वेळ गेली, पण पुढच्या माणसासाठी लिहून ठेवते. बँकेच्या यंत्रातून कोरुना काढायचे आणि यंत्राने "तुमच्या चलनात बदलून देऊ का" विचारलं तर नाही म्हणायचं. तिथेच कापतात.

---

आबा_भटके (बुधवार, सकाळी ९.०२)

माझं वाक्य मागे घेतो. सगळी घड्याळं सारखी नसतात. ३६५ आणि ३६६ दात्यांचं वाचून चहा गार झाला.

---

सुपारी (बुधवार, सकाळी ९.३०)

न्याहारीला वाचून दाखवलं. दात्यांशी आल्यावर बाबांनी हात वर करून थांबवलं, रुमालावर पेनाने गुणाकार केला, आणि "हं" म्हणाले. हा 'हं' मी लहानपणी दुकानात ऐकलाय, बंद पडलेलं घड्याळ टिकटिकायला लागलं की यायचा. मग त्यांनी विचारलं, "तो ज्योतिषी कोण म्हणालीस? शिंदे?" मी म्हटलं शिंदेल. "तेच ते."

वल्तवाकाठीताई, आज आभाळ आहे. सावली नाही. दुसरं काय दाखवू यांना? घड्याळाचंच काहीतरी सांगा, बाकी कशाला ते दाद देत नाहीत.

---

वल्तवाकाठी (बुधवार, सकाळी १०.१५)

मग बावीसची यादी बाजूला ठेव, ही घे. सगळं एका दिवसात नको.

आधी नगरभवनाच्या आत जा. मनोऱ्यावर लिफ्ट आहे. आतल्या प्रार्थनाघरातून प्रेषितांच्या बाहुल्या मागच्या बाजूने बघता येतात, तास पडताना. त्या जुन्या नाहीत. १९४५ च्या मे महिन्यात, युद्ध संपता संपता, जर्मनांच्या माऱ्यात ही इमारत पेटली, बाहुल्या जळाल्या, घड्याळ कोसळलं. शेजारी जी मोकळी हिरवी जागा दिसते तिथे नगरभवनाचाच एक भाग होता, तो पुन्हा बांधलाच नाही. १९४८ साली घड्याळ परत चालू केलं. बाहेर पडताना खाली जमिनीकडेही बघा, भिंतीच्या कडेला फरशीत पांढरे सत्तावीस क्रूस आहेत. १६२१ च्या जूनमध्ये इथेच सत्तावीस जणांना मारलं, सम्राटाविरुद्ध उठले म्हणून. सगळे वर बघत असतात, त्यामुळे त्यांच्यावरून चालत जातात.

तिथून दहा मिनिटांवर योसेफोव्ह, जुनी ज्यू वस्ती. ज्यू नगरभवनाच्या मनोऱ्यावर नेहमीसारखं रोमन आकड्यांचं घड्याळ आहे आणि त्याच्या खाली, छपराजवळ, दुसरं. त्यावर आकड्यांच्या जागी हिब्रू अक्षरं. ते वाचायचं कसं ते बाबांना आधी सांगू नकोस.

जवळच क्लेमेंटिनुम, जेझुइटांचं, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचं, जुनं महाविद्यालय. त्याच्या मनोऱ्यात एक अंधारी खोली आहे, भिंतीतल्या भोकातून सूर्याचा किरण आत येतो आणि जमिनीवर ताणलेल्या दोरीला लागला की मध्यान्ह. १८४२ पासून ते बघून वरून निशाण हलवायचे आणि गाव आपली घड्याळं लावायचं. पायऱ्या अरुंद आहेत, गुडघ्यांचं बघ.

नदीपलीकडे लेत्नावर राष्ट्रीय तंत्र संग्रहालय आहे, तिथे काळ मोजण्याच्या साधनांचं स्वतंत्र दालन. तिथे त्यांना निवांत सोड, मावशी म्हणतात तसं. आणि किल्ल्यावर गेलातच तर कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याकडे बघा. एकाखाली एक दोन तबकड्या आहेत. त्या कशासाठी, बाबा सांगतील.

---

सुपारी (गुरुवार, रात्री १०.४०)

बॅग भरून झाली. वृत्तांत देते, ज्यांनी मदत केली त्यांचा तेवढा हक्क आहे.

बुधवारी नगरभवनात गेलो. त्या खिडकीमागे प्रेषित फिरून जाताना बाबांचं लक्ष बाहुल्यांखालच्या दांड्याकडे. खाली चौकात लोक मोबाईल वर धरून उभे होते आणि आम्ही त्यांच्याकडे उलटे बघत होतो, ते मला भारी वाटलं. क्रूस मोजले. सत्तावीस. आम्ही दोन दिवस त्यांच्या शेजारी उभे होतो.

योसेफोव्हला मी काही बोलले नाही. बाबा रस्त्याच्या कोपऱ्यावर मान वर करून उभे राहिले. एक मिनिट, दोन मिनिटं. मग हसायलाच लागले. आई गेल्यानंतर रस्त्यात मोठ्याने हसताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. काटे उलटे फिरतात हो! हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून काटेही तसेच. "आमच्या दुकानात न्हाव्याच्या आरशात दिसायचं घड्याळ असं," म्हणाले. समोर सलून होतं हे मीही विसरले होते.

पिंकास सिनेगॉगमध्येही गेलो, ते यादीतलं माझं. आतल्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोरावियातल्या (म्हणजे इथल्या चेक भागातल्या) ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत, ७७ हजारांच्या वर. बाबा अक्षर बघत राहिले. बाहेर आल्यावर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

जेवणाचं विचारलं नाहीत तरी सांगते, शाकाहारी माणसाला इथे तळलेलं चीज आणि बटाटे मिळतात. दुसऱ्या दिवशी तळलेलं चीज आणि बटाटे मिळतात. चौकाचौकात सळईवर भाजलेली साखरेची गुंडाळी विकतात, 'जुनी बोहेमियन परंपरा' अशी पाटी लावून. ती परंपरा पर्यटकांसोबतच आली, असं हॉटेलातली मुलगी म्हणाली. बाबांना आवडली, परंपरेशी त्यांना देणंघेणं नाही.

आज सकाळी मावशींचं ऐकून सहालाच एकटी पुलावर गेले. दगड ओले, नदीवर धुकं, एक फोटोवाला आणि मी. पुतळे अंधारात माणसांसारखे दिसतात. परत येऊन बाबांना पुलाची प्रसिद्ध गोष्ट सांगितली, की चौथ्या चार्ल्स राजाने ज्योतिष्यांकडून मुहूर्त काढून पाया घातला : १३५७ साल, ९ तारीख, ७ वा महिना, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. आकडे ओळीने लिहिले की १-३-५-७-९-७-५-३-१, उलटसुलट सारखेच. बाबांनी चहाचा घोट घेतला. "१३५७ साली एकतीस मिनिटं कोणाच्या घड्याळात दिसायची? मिनिटकाटा तरी होता का तेव्हा?" संपली गोष्ट.

मग २२ ची ट्राम. (आबा, धन्यवाद, एकही पायरी चढावी लागली नाही.) कॅथेड्रलचं काम १३४४ साली सुरू झालं आणि १९२९ साली संपलं, हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, "आपला प्लंबरही असाच." दक्षिण मनोऱ्यावरच्या दोन तबकड्या त्यांनी उंबरठ्यावरूनच ओळखल्या. वरची तासांची, खालची पाव तासांची, प्रत्येकीला एकच काटा. दूरवरून वाचायचं तर दोन काटे एकावर एक येऊन घोटाळा व्हायला नको, म्हणून वेगळे केले असतील, असं त्यांचं मत. मत त्यांचं आहे, मी कुठे तपासलं नाही.

पहारा बदलायच्या आधीच त्यांनी माझी बाही ओढली. ऊन पडलं होतं. "चौक गाठायचाय." बँडचे लोक वाद्यं घेऊन रांगेत उभे राहत होते आणि आम्ही उलट्या दिशेने ट्रामकडे पळत होतो, म्हणजे ते जेवढं पळू शकतात तेवढं.

बारा वाजता चौकात पोचलो. टोले पडले, प्रेषित फिरले, गर्दी पांगली. सावली पट्टीच्या पश्चिमेला, परवासारखीच. बाबा पट्टीच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. मी फोन धरून वेळ सांगत होते. बारा दहा. मध्ये एक ढग आला, मला रडूच येणार होतं. बारा बारा, ढग गेला. एक जपानी जोडपं आम्ही काय बघतोय ते बघायला थांबलं, मग आणखी चार जण. बारा चौदाला सावली पितळेवर होती. पट्टीच्या दोन्ही बाजूंना सारखी.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी मनगट वर केलं, अंगठ्याच्या नखाने घड्याळाची चावी ओढली, काटे फिरवून बरोबर बारावर आणले आणि चावी दाबली.

मी म्हटलं, बाबा, बारा चौदा झालेत. तर म्हणाले, "ते तुझ्या फोनमध्ये."

आता त्यांचं घड्याळ अख्ख्या प्रागच्या चौदा मिनिटं मागे आहे आणि ते बदलायला तयार नाहीत. उद्या विमान आहे. मी फोनवर तीन गजर लावलेत.